अणुप्रकल्पाच्या कागदपत्रांतली व्यापारी गुपितं: काय झाकतात, कसं झाकतात आणि आपल्याला काय मागता येतं?

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडून एक चूक झाली. आंदर मावळात टाकव्याच्या बाजूला माझ्या काकांचं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि तीन माणसं. ते एका सप्लायरसाठी व्हॉल्व्हचे पार्ट बनवतात आणि ते पार्ट पुढे वीज प्रकल्पांत जातात. नवीन गिऱ्हाइकाला कामाचा नमुना म्हणून काकांना एक जुना तपासणी रिपोर्ट पाठवायचा होता. त्याला जोडलेल्या ड्रॉइंगवर 'गोपनीय' असा शिक्का होता. "मापं आणि कंपनीचं नाव झाक आणि दे पाठवून," काका म्हणाले. मी फोनवरच पीडीएफ उघडली, काळ्या पट्ट्या ओढल्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. दहा मिनिटांत तिकडून फोन: "साहेब, पट्टीखालचं सगळं कॉपी होतंय की."

माणूस भला होता, त्याने फाईल डिलीट केली. काकांचं काम वाचलं. पण दोन दिवस ते माझ्याशी धड बोलले नाहीत. "तू इंजिनिअर ना?" एवढंच म्हणाले.

मग मी शोधायला लागलो की हे काम नीट कोण करतं. म्हणजे अशी फाईल, जी लोकांनी वाचायची आहे, पण तिच्यातली ठरावीक माहिती कुणाला कळता कामा नये. शोधता शोधता पोहोचलो अणुवीज प्रकल्पांच्या कागदपत्रांपर्यंत. तिथे हा प्रश्न रोजचा आहे, आणि त्यात आपल्या महाराष्ट्राचाही थेट संबंध आहे. म्हणून हा लेख.

व्यापारी गुपित म्हणजे नेमकं काय?

लोणावळ्याच्या चिक्कीचं पाकीट घ्या. मागे घटक छापलेले असतात: शेंगदाणे, गूळ वगैरे. ते छापणं कायद्याने बंधनकारक आहे, कारण कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असू शकते. पण पाक किती वेळ उकळायचा, कुठल्या क्षणी उतरवायचा, हे पाकिटावर नसतं. ते दुकानदाराचं व्यापारी गुपित.

पेटंट आणि व्यापारी गुपित यांत लोक गल्लत करतात. पेटंटमध्ये तुम्ही तुमचा शोध जगाला सांगता आणि त्या बदल्यात भारतात २० वर्षं हक्क मिळतो. व्यापारी गुपितात तुम्ही काहीच सांगत नाही. ते जोवर गुपित आहे तोवर तुमचं. फुटलं की संपलं.

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराच्या कलम ३९ मध्ये त्यासाठी तीन अटी आहेत:

१. ती माहिती त्या क्षेत्रातल्या लोकांना सहज मिळणारी नसावी.
२. ती गुपित असल्यामुळेच तिला व्यापारी किंमत असावी.
३. मालकाने ती जपण्यासाठी योग्य ती काळजी घेतलेली असावी.

तिसरी अट लक्षात ठेवा. नुसता 'गोपनीय' शिक्का मारून भागत नाही. माझ्यासारखी काळी पट्टी ओढून फाईल पाठवली, तर उद्या वाद झाल्यावर समोरचा वकील हेच विचारेल की काळजी कुठे घेतली होती?

भारतात व्यापारी गुपितांसाठी वेगळा कायदा नाही. कंपन्या आपसातल्या करारांवर आणि न्यायालयांच्या निकालांवर अवलंबून असतात. २२ व्या विधी आयोगाने मार्च २०२४ मध्ये आपल्या २८९ व्या अहवालात असा वेगळा कायदा करावा अशी शिफारस केली आणि मसुदाही दिला.

अणुप्रकल्पात गुपित असतं कुठे?

आमच्याकडचं ठोकरवाडी धरण सगळ्यांना दिसतं. १९२२ पासून त्याचं पाणी घाटाखाली भिवपुरीच्या वीजघरात जातं. पाणी किती चढलं, भिंत कशी आहे, गावातला माणूस निदान डोळ्यांनी पाहू शकतो. अणुभट्टीचं तसं नाही. आत जाऊन कुणी बघू शकत नाही. बाहेरच्या माणसाला अणुभट्टी कळते ती फक्त कागदांतून. म्हणून त्या कागदांतलं काय झाकलं जातं याला एवढं महत्त्व आहे.

भारतात अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजे एईआरबी, हे काम बघते. तिची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ ची, कार्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. जागा निवडणं, बांधकाम, चाचण्या घेत भट्टी सुरू करणं आणि नियमित चालवणं, अशा प्रत्येक टप्प्यावर तिची संमती लागते. त्यासाठी जी कागदपत्रं द्यावी लागतात, त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे सुरक्षा विश्लेषण अहवाल. पाइप फुटला तर काय होईल, वीज गेली तर भट्टी थंड कशी ठेवणार, भूकंप आला तर काय, या सगळ्याची गणितं त्यात असतात.

एक उदाहरण बघू. भाकरीच्या तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडलं की थेंब लगेच उकळून जात नाहीत, तव्यावर नाचतात. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि तो उष्णता अडवतो. अणुभट्टीत इंधनाच्या नळीवर असा वाफेचा थर बसला तर नळीची उष्णता पाण्यात जात नाही आणि नळी भराभर तापते. हे नेमकं किती उष्णतेला होईल, याची सूत्रं कंपन्या महागडे प्रयोग करून बसवतात. त्या सूत्रातले आकडे म्हणजे त्यांचं खरं गुपित. प्रतिस्पर्ध्याला ते फुकट मिळाले, तर त्याचा प्रयोगांचा सगळा खर्च वाचला.

हे गुपित चोरीलाही जातं. मे २०१४ मध्ये अमेरिकेने चिनी लष्कराच्या पाच अधिकाऱ्यांवर हॅकिंगचे आरोप ठेवले. त्यात वेस्टिंगहाउस कंपनीच्या एपी १००० या अणुभट्टीतल्या पाइपांची आणि त्यांच्या आधारांची डिझाइन माहिती चोरल्याचाही आरोप होता. पाइप कुठून कसे न्यायचे हेसुद्धा चोरण्याइतकं किमती असतं. त्यामुळे 'कंपन्या उगाच लपवतात' असं सरसकट म्हणता येत नाही.

पण एकाच 'गोपनीय' शिक्क्याखाली तीन वेगळ्या गोष्टी येऊ शकतात:

सुरक्षेचं गुपित: पहारा कुठे आहे, घुसखोराला कुठून अडवायचं वगैरे. हे लोकांना सांगायचं नसतंच.

व्यापारी गुपित: डिझाइनची मापं, सूत्रातले आकडे, सॉफ्टवेअरचा कोड, किंमत.

अडचणीची माहिती: चाचणीत काय चुकलं, नियामकाने कोणते प्रश्न विचारले. हे बाहेर आलं तर फक्त लाज जाते. कायद्यात असा गुपिताचा प्रकार नाही.

हे तिन्ही वेगळे कसे काढायचे, हीच खरी गोष्ट आहे.

अमेरिकेची पद्धत: एका अहवालाच्या दोन प्रती

अमेरिकेत एनआरसी ही नियामक संस्था आहे. तिचा कलम २.३९० नावाचा नियम या कामासाठीच आहे. ढोबळमानाने तो असा चालतो:

- कंपनी नियामकाला पूर्ण प्रत देते. नियामकापासून काहीच लपवायचं नसतं.
- लोकांसाठी दुसरी प्रत देते. तिच्यात गुपित भाग चौकटी कंसात येतो, आणि कंसातली जागा रिकामी असते. म्हणजे वाचणाऱ्याला दिसतं की इथे काहीतरी आहे, पण काढलेलं आहे.
- सोबत शपथपत्र लागतं. ही माहिती आम्ही खरंच गुप्त ठेवतो का, ती दुसरीकडे कुठे उघड आहे का, बाहेर आली तर आमचं नेमकं काय नुकसान होईल, हे जबाबदार अधिकाऱ्याने सहीनिशी सांगायचं.
- नियामक ते तपासतो आणि दावा नाकारूही शकतो. दावा खरा असला, तरी परवान्याचा आधार लोकांना कळणं जास्त महत्त्वाचं आहे असं वाटलं तर माहिती उघड करण्याचा अधिकार तो राखून ठेवतो.

वेस्टिंगहाउसच्या कागदांत तर कंसाच्या शेजारी बारीक अक्षरं असतात, ए, सी वगैरे. प्रत्येक अक्षर शपथपत्रातल्या एका कारणाकडे बोट दाखवतं. म्हणजे 'हे झाकलं' एवढ्यावर थांबता येत नाही, 'या कारणासाठी झाकलं' हेही लिहावं लागतं.

मला यातून मुद्दा कळला तो असा: गुपित हे अख्खं पुस्तक नसतं, त्यातल्या काही ओळी असतात. सूत्रातले आकडे झाकता येतात. पण त्या सूत्राने काढलेलं उत्तर, म्हणजे भट्टी सुरक्षित मर्यादेत राहते की नाही आणि किती फरकाने, हे लोकांपुढे यायला हवं. पाकाची कृती तुमची, पण शेंगदाणे आहेत हे छापा.

ब्रिटनमध्ये जे वाचता आलं, ते जैतापूरसाठी का महत्त्वाचं?

रत्नागिरी जिल्ह्यात राजापूर तालुक्यातल्या माडबन परिसरात जैतापूर प्रकल्प व्हायचा आहे. फ्रेंच बनावटीच्या सहा ईपीआर अणुभट्ट्या, प्रत्येकी १७३० मेगावॉट, एकूण १०३८० मेगावॉट. नोव्हेंबर २०१० मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. एप्रिल २०११ मध्ये आंदोलनाच्या वेळी पोलिस गोळीबारात एक जण मृत्युमुखी पडला. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीने एनपीसीआयएलला, म्हणजे आपल्या सरकारी अणुवीज महामंडळाला, तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला.

याच ईपीआर जातीच्या भट्टीची ब्रिटनमध्ये २००७ ते २०१२ अशी डिझाइन तपासणी झाली. तिथे कंपन्यांनी सुरक्षा अहवालाची सार्वजनिक आवृत्ती वेबसाइटवर टाकली होती. व्यापारी आणि सुरक्षेचे तपशील काढलेले, बाकीचं खुलं. लोक प्रश्न पाठवू शकत होते आणि कंपनीला उत्तर द्यावं लागत होतं. अमेरिकेतही याच जातीच्या भट्टीचा अर्ज २००७ च्या अखेरीस दाखल झाला आणि त्याचीही सार्वजनिक प्रत निघाली. पुढे २०१५ मध्ये ती तपासणी थांबली, पण कागद राहिले.

म्हणजे एका गोष्टीची खात्री पटते. व्यापारी गुपित सांभाळूनसुद्धा अशा भट्टीचा अहवाल लोकांना वाचायला देता येतो. कंपनीने स्वतःच ते करून दाखवलंय.

भारतात काय झालं? कुडनकुलमची गोष्ट

तमिळनाडूतल्या कुडनकुलम प्रकल्पाच्या भट्ट्या रशियन बनावटीच्या. तिथल्या आंदोलनाचे नेते डॉ. एस. पी. उदयकुमार यांनी माहिती अधिकारात एनपीसीआयएलकडे पहिल्या दोन भट्ट्यांचा सुरक्षा विश्लेषण अहवाल आणि जागेचा मूल्यांकन अहवाल मागितला. नकार आला. सुरक्षा अहवालात डिझाइनचे तपशील आहेत आणि ते पुरवठादाराच्या मालकीचे आहेत, असं कारण दिलं गेलं.

प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेलं. तिथे आयुक्त होते मुंबईचे शैलेश गांधी. ३० एप्रिल २०१२ च्या आदेशात त्यांनी सांगितलं की पुरवठादाराच्या डिझाइनचे मालकीचे तपशील वेगळे काढा आणि उरलेला अहवाल द्या. वर तो वेबसाइटवरही टाका. एनपीसीआयएलने सुरक्षा अहवालाबाबतच्या या आदेशाला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं.

आदेश नीट वाचला तर लक्षात येतं की आयुक्तांनी गुपित फोडा असं म्हटलंच नव्हतं. गुपित बाजूला काढा, एवढंच म्हटलं होतं. एनआरसीचे चौकटी कंस जे करतात, तेच. फरक एवढाच की तिकडे कंपनी अर्ज करतानाच दोन प्रती बनवते. आपल्याकडे एकच प्रत असते, तीही बंद कपाटातली, आणि कुणी मागितली की मग वाद सुरू होतो.

आता हा प्रश्न आणखी जवळ आलाय. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा मंजूर केला. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याची जागा घेणारा हा कायदा खासगी कंपन्यांना अणुवीज क्षेत्राची दारं उघडतो आणि एईआरबीला वैधानिक दर्जा देतो. त्याचबरोबर काही माहितीवर बंधन घालण्याचा अधिकारही त्यात केंद्र सरकारला आहे. खासगी कंपन्या आल्या की 'हे आमचं व्यापारी गुपित' हे वाक्य जास्त वेळा ऐकू येणार. तेव्हा दोन प्रतींची पद्धत आधीच ठरलेली असेल, तर कंपनीचंही भलं आणि प्रकल्पाशेजारी राहणाऱ्याचंही.

माहिती मागायची असेल तर कोणती कलमं माहीत हवीत?

माहिती अधिकार कायदा २००५ मध्ये याची बरीच तरतूद आहे:

कलम ८(१)(घ): व्यापारी गुपित नाकारता येतं, पण ते उघड झाल्याने तिसऱ्या पक्षाच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसत असेल तरच. आणि व्यापक जनहित मोठं असेल तर तरीही देता येतं.

कलम ८(१)(क): देशाची सुरक्षा, वैज्ञानिक किंवा आर्थिक हितसंबंध. अणुप्रकल्पांत हे कारण हमखास येतं.

कलम १०: एखाद्या कागदात थोडाच भाग गुपित असेल, तर तो वेगळा काढून उरलेला देता येतो. काय काढलं, का काढलं आणि निर्णय कुणी घेतला, हे अर्जदाराला कळवावं लागतं.

कलम ११: माहिती तिसऱ्या पक्षाची असेल आणि ती उघड करायचा विचार असेल, तर अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत त्याला नोटीस जाते. म्हणणं मांडायला त्याला १० दिवस मिळतात. त्याचं म्हणणं ऐकायचं असतं, पण निर्णय अधिकाऱ्याचाच.

कलम १९(५): अपिलात नकार योग्य होता हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही.

अर्जात एक ओळ जरूर घाला: 'यातील काही भाग गोपनीय असल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित प्रत द्यावी आणि वगळलेल्या प्रत्येक भागाचे कारण कळवावे.' केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी फी १० रुपये. उत्तर ३० दिवसांत यायला हवं, तिसऱ्या पक्षाचं प्रकरण असेल तर ४० दिवसांपर्यंत. नाही आलं किंवा पटलं नाही, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्यानंतरचं दुसरं अपील ९० दिवसांत माहिती आयोगाकडे.

आणि झाकायचं असेल तर? मोठमोठ्यांच्या चुका

माझी चूक ऐकून हसू आलं असेल, तर हे वाचा. एप्रिल २०११ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण खात्याचा अणुपाणबुड्यांच्या भट्ट्यांवरचा एक अहवाल संसदेच्या वेबसाइटवर होता. गुप्त भाग काळा केलेला. पण तो सिलेक्ट करून दुसरीकडे पेस्ट केला की सगळं वाचता येत होतं. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने अ‍ॅस्ट्राझेनेकाशी केलेला लशीचा करार झाकून प्रसिद्ध केला, आणि पीडीएफच्या बुकमार्कमध्ये झाकलेला मजकूर दिसत राहिला.

कारण सोपं आहे. पीडीएफ म्हणजे फोटो नाही. त्यात अक्षरं एका थरात असतात आणि तुमची काळी पट्टी वरच्या थरात. पट्टी ओढल्याने खालचं पुसलं जात नाही. भिंतीवर कॅलेंडर लावलं म्हणून भोक बुजत नाही, तसंच.

फोनमधल्या फोटोंचंही तसंच. मार्च २०२३ मध्ये पिक्सेल फोनच्या मार्कअप टूलमधला एक दोष उघड झाला. क्रॉप केलेल्या स्क्रीनशॉटचा कापलेला भाग फाईलमध्येच उरायचा आणि परत काढता यायचा.

मी आता हे पाळतो:

१. शक्य असेल तर मूळ फाईलमध्ये मजकूर खरंच डिलीट करतो, त्या जागी रिकामे चौकटी कंस टाकतो आणि मग पीडीएफ बनवतो.
२. सगळे कंस एकाच रुंदीचे ठेवतो. नाहीतर रिकाम्या जागेवरून आकडा किती अंकी आहे ते कळतं.
३. मूळ फाईल नसेल तर रिडॅक्शनचं खास टूल वापरतो. किंवा प्रिंट काढून, जाड कागद चिकटवून, स्कॅन करतो. जुनी पद्धत आहे, पण पक्की.
४. हायलायटर पेन कधीच वापरत नाही. तो अर्धपारदर्शक असतो. ब्राइटनेस वाढवला की खालचं दिसतं.
५. पाठवण्याआधी सिलेक्ट ऑल करून नोट्समध्ये पेस्ट करून बघतो. झाकलेला एखादा शब्द सर्चमध्ये टाकून बघतो.
६. फाईलचं नाव, लेखकाचं नाव, कमेंट, बुकमार्क, एक्सेलमधल्या लपवलेल्या शीट, हे सगळं तपासतो. काकांच्या फाईलच्या नावातच कंपनीचं नाव होतं, ते मला नंतर दिसलं.
७. काय झाकलं आणि का, याची एक यादी स्वतःजवळ ठेवतो.

सातवी सवय मी त्या शपथपत्रांवरून उचलली. आता काकांनी फाईल पाठवायला सांगितली की मी आधी विचारतो, "नेमकं काय झाकायचं आणि कशासाठी?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते वैतागले. मग दोघांनी बसून रिपोर्ट वाचला. अकरा पानांत झाकायच्या जागा निघाल्या सात: पाच मापं, एक नाव, एक ऑर्डर नंबर. बाकी सगळं दाखवण्यासारखं होतं. पार्ट प्रेशर टेस्टमध्ये पास झाला ही ओळ तर दाखवायलाच हवी होती, आणि घाईघाईत मी तिच्यावरही पट्टी ओढली होती.